विसराळू फाइल एक्सप्लोरर

कपाटातील दप्तरे कोणत्या क्रमाने लावावीत, ह्याची चिठ्ठी हरवली म्हणून दप्तरे हरवत नाहीत. संगणकाच्या बाबतीत मात्र ह्या दोन गोष्टींची गल्लत फार होते. समजा, शाळेच्या कचेरीतील कारकुनाने हजेरीपटांच्या फाइली तारखेप्रमाणे लावल्या आणि दोन-तीन खिडक्या उघड्या ठेवूनच तो घरी गेला. सकाळी पाहावे तो खिडक्या नाहीत, आणि फोल्डर उघडताच यादीऐवजी मोठमोठी चित्रे! फाइली गेल्या असे समजून त्याने जुनी प्रत पेनड्राइव्हवरून पुन्हा उतरवली, तर ताज्या नोंदी पुसल्या जाण्याचा धोका असतो. मूळ बिघाडापेक्षा ही घाईच अधिक नडते.

विंडोज प्रणालीत फाइली दाखवण्याचे काम फाइल एक्सप्लोरर करतो. १९९५ साली विंडोज ९५ बरोबर तो विंडोज एक्सप्लोरर ह्या नावाने आला. २०१२ च्या विंडोज ८ पासून त्याला सध्याचे नाव मिळाले. फाइली डिस्कवर असतात. त्या कशा दाखवायच्या ह्याची टिपणे मात्र रजिस्ट्री नावाच्या नोंदवहीत, बॅग्ज आणि बॅग-एमआरयू ह्या दोन विभागांत राहतात. ही वही प्रत्येक वापरकर्त्याची वेगळी असते. म्हणून एक्सप्लोरर विसरू लागला, की तीन प्रश्न क्रमाने विचारावेत.

पहिला प्रश्न: लक्षात ठेवण्यास त्याला सांगितले आहे काय? उघड्या खिडक्या पुन्हा उघडण्याची सोय मुळात बंद असते. फोल्डर ऑप्शन्समधील व्ह्यू ह्या पानावर ‘रिस्टोअर प्रिव्हियस फोल्डर विंडोज ॲट लॉगऑन’ ह्यापुढे खूण करावी. त्याच पानावरील ‘अप्लाय टू फोल्डर्स’ हे बटण दाबले, म्हणजे समोरच्या फोल्डरची मांडणी त्याच प्रकारच्या सर्व फोल्डरांना लागू होते. ‘त्याच प्रकारच्या’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. सामान्य, कागदपत्रे, चित्रे, संगीत आणि चलच्चित्रे असे पाच प्रकार विंडोज मानते, आणि आतील फाइली पाहून प्रकार स्वतःच ठरवते. छायाचित्रे वाढली की मांडणी बदलते ती ह्यामुळे. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये, कस्टमाइझ ह्या पानावर, प्रकार आपण नेमून द्यावा.

दुसरा प्रश्न: टिपण लिहिले जाते काय? खिडकी रीतसर बंद होताना तिची मांडणी नोंदली जाते. वीज गेली किंवा एक्सप्लोरर मध्येच कोसळला, तर ते काम राहून जाते. कधी विंडोज वापरकर्त्याला तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये घेते, आणि तशी सूचनाही देते. त्या स्थितीत केलेले बदल बाहेर पडताच नष्ट होतात. नव्या फाइलीही तेथे ठेवू नयेत.

तिसरा प्रश्न: लिहिलेले कोणी पुसते काय? सफाई करणारे काही प्रोग्राम ही टिपणे कचरा समजून काढतात. शाळांच्या संगणककक्षांत तर दर वेळी यंत्र पूर्वस्थितीवर आणणारे प्रोग्राम मुद्दाम बसवलेले असतात; तेथे तो दोष नव्हे, व्यवस्थाच होय.

उलगडा झाला नाही, तर त्याच यंत्रावर नवे वापरकर्ता-खाते उघडून पाहावे. तेथे स्मरण टिकले, तर जुन्या खात्याची नोंदवही बिघडली असे समजावे. न टिकल्यास दोष यंत्रात किंवा त्यातील एखाद्या प्रोग्राममध्ये शोधावा. वही बिघडली असल्यास बॅग्ज आणि बॅग-एमआरयू काढून टाकता येतात. पुन्हा प्रवेश केल्यावर एक्सप्लोरर त्या नव्याने तयार करतो. मात्र रजिस्ट्रीतील चुकीची ओळ पुसली गेली तर प्रणालीच अडू शकते. म्हणून आधी एक्सपोर्ट करून तिची प्रत ठेवावी, आणि सराव नसेल तर जाणकाराला सोबत घ्यावे.

ह्या साऱ्याआधी करावयाची गोष्ट एकच: शोधाच्या चौकटीत फाइलीचे नाव टाकून ती जागेवर आहे, ह्याची खात्री करून घ्यावी. मांडणी पुन्हा लावण्यास पाच मिनिटे पुरतात. पुसलेला हजेरीपट मात्र नव्याने लिहावा लागतो.