कर्णबधिरत्व : अपंगत्वाकडून अस्मितेकडे

२०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे २.६८ कोटी अपंग व्यक्ती होत्या. त्यांपैकी सुमारे ५०.७ लाख व्यक्तींना श्रवणविषयक अपंगत्व होते. नियोजनासाठी ही आकडेवारी आवश्यक असली, तरी ऐकू न येणारे मूल मोठे होताना स्वतःला कोण समजते, या प्रश्नाचे उत्तर तिच्यात मिळत नाही. कर्णबधिरत्वातून एक स्वतंत्र भाषा आणि त्या भाषेभोवती एक समुदाय निर्माण होतो. धोरणाचा विचार करताना हे वैशिष्ट्य लक्षात घेणे अगत्याचे आहे.

घराबाहेर मिळणारा वारसा

मातृभाषा आणि चालीरीती सामान्यतः आईवडिलांकडून मिळतात. परंतु नव्वद टक्क्यांहून अधिक कर्णबधिर मुले ऐकू येणाऱ्या मातापित्यांच्या पोटी जन्माला येतात. परिणामी त्यांचा भाषिक वारसा घरातून नव्हे, तर कर्णबधिरांच्या शाळा, वसतिगृहे आणि संघटना यांतून त्यांच्यापर्यंत पोहोचतो.

मदन वशिष्ठ यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. हिमाचल प्रदेशातील गगरेट येथे वाढलेल्या वशिष्ठ यांची श्रवणशक्ती वयाच्या अकराव्या वर्षी आजारपणात गेली. शाळा सुटली आणि ते शेतीच्या कामाला लागले. पुढे छायाचित्रणाचे शिक्षण घेण्यासाठी दिल्लीत आल्यावर त्यांना प्रथमच कर्णबधिर सोबती आणि खुणांची भाषा लाभली. १९६७ मध्ये ते अमेरिकेतील गॅलॉडेट महाविद्यालयात गेले. नंतर भारतीय सांकेतिक भाषेच्या प्रारंभीच्या शास्त्रीय अभ्यासात त्यांनी मोलाचा वाटा उचलला.

या समुदायाचे स्वतःचे संकेत आहेत. प्रत्येक सदस्याला खुणेतून व्यक्त होणारे नाव दिले जाते. लक्ष वेधण्यासाठी खांद्याला स्पर्श करतात किंवा दिवा उघडबंद करतात. संभाषण चालू असताना नजर दुसरीकडे वळवणे असभ्यपणाचे मानले जाते.

नाकारलेला दर्जा

१८८० मध्ये इटलीतील मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने खुणांऐवजी केवळ मौखिक पद्धतीने शिकविण्याचा ठराव केला. त्याचा प्रभाव अनेक देशांतील शाळांवर दीर्घकाळ राहिला. १९६० मध्ये विल्यम स्टोकी यांनी अमेरिकन सांकेतिक भाषेला भाषेची स्वतंत्र रचना असल्याचे दाखवून दिले. मिलानच्या ठरावाबद्दल जाहीर खेद व्यक्त होण्यास मात्र २०१० साल उजाडावे लागले.

भारतीय सांकेतिक भाषा ही हिंदी किंवा मराठीचे हातांनी केलेले रूपांतर नाही. तिच्यात प्रश्नवाचक खूण सामान्यतः वाक्याच्या शेवटी येते, तर चेहऱ्यावरील हावभाव व्याकरणाचे कार्य करतात.

कायदा आणि धोरण

भारताने २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कविषयक कराराला अनुसमर्थन दिले. या कराराच्या अनुच्छेद ३० मध्ये सांकेतिक भाषा आणि कर्णबधिर संस्कृती यांसह विशिष्ट सांस्कृतिक व भाषिक अस्मितेला मान्यता देण्याची तरतूद आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार दोन्ही कानांत ७० डेसिबल श्रवणऱ्हास असलेली व्यक्ती कर्णबधिर ठरते. शासकीय नोकऱ्यांतील चार टक्के आरक्षणापैकी एक टक्का कर्णबधिर व श्रवणदोष असलेल्या व्यक्तींसाठी आहे.

२०१५ मध्ये नवी दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. त्याच्या शब्दकोशात २०१८ मध्ये ३,००० शब्द होते. २०२१ च्या आवृत्तीत ते १०,००० झाले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० ने या भाषेच्या देशव्यापी प्रमाणीकरणाचा पुरस्कार केला आहे. तथापि, राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांत तिचा समावेश नाही.

खरा खर्च कोणता?

अर्थशास्त्राच्या दृष्टीने भाषा ही अशी संपत्ती आहे की, ती वापरणारे जितके वाढतात तितके तिचे मूल्य वाढते. पालक, शिक्षक, डॉक्टर आणि कार्यालयीन कर्मचारी खुणांची भाषा शिकले, तर कर्णबधिर व्यक्तीचे शिक्षण अधिक फलदायी ठरते. याउलट, बालपणातील पहिली काही वर्षे कोणत्याही पूर्ण भाषेविना गेली, तर त्याची झळ पुढे वाचन, गणित आणि रोजगार या सर्वांना लागते. तो तोटा आरक्षणाच्या एका टक्क्याने भरून निघत नाही.

श्रवणयंत्र आणि कॉक्लियर इम्प्लांट यांचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. परंतु यंत्राचा उपयोग प्रत्येक मुलाला सारखा होत नाही आणि उपचारांची वाट पाहताना भाषाग्रहणाचे वय थांबून राहत नाही. म्हणूनच यंत्र की खूण, असा पर्याय पालकांपुढे ठेवणे योग्य नव्हे. निदान होताच कुटुंबाला खुणांची भाषा शिकण्याची सोय आणि प्रौढ कर्णबधिरांचा सहवास मिळाला, तर आपल्यासारखी माणसे असतात आणि ती समर्थपणे जगतात, हे मुलाला लवकर उमजेल. अस्मितेची ही जाणीव विशीपर्यंत लांबू न देणे, हेच या क्षेत्रातील सर्वसमावेशक विकासाचे खरे उद्दिष्ट होय.