आडवाटेवरील सायकल

सायकल ठाऊक नाही असा विद्यार्थी आमच्या शाळेत शोधूनही सापडावयाचा नाही. परंतु सायकलीसाठी रस्ता कसा असावा, असे वर्गात विचारले, तर बहुतेक जण ‘रुंद आणि गुळगुळीत’ हेच उत्तर देतील. गेल्या नाताळच्या सुटीपर्यंत आम्हीही तेच दिले असते. त्या सुटीत आम्ही बहिणीकडे पीथमपुरास गेलो आणि तेथे आमचे मत पालटले. ते का पालटले, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

पीथमपुर हे मध्यप्रदेशातील धार जिल्ह्यात, महूच्या पश्चिमेस आहे. धार व देवास ही पवारांची संस्थाने आणि इंदूर होळकरांचे. त्यामुळे माळव्यात मराठी बोलणारी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. पीथमपुराची ख्याती मात्र १९८० नंतर तेथे उभ्या राहिलेल्या कारखान्यांमुळे झाली. मालमोटारी, मोटारी आणि त्यांचे सुटे भाग येथे तयार होतात. २०२१ साली येथे मोटारींची परीक्षा घेण्यासाठी ११.३ किलोमीटर लांबीचा अतिवेगाचा मार्गही खुला झाला. अशा वेगाच्या माहेरघरी आम्ही भाच्याची सायकल घेऊन बाहेर पडलो, तेही मोठ्या रस्त्याने!

व्हावयाचे तेच झाले. एक मालमोटार इतक्या जवळून गेली की, तिच्या वाऱ्याच्या झोतानेच सायकल हेलकावली आणि आम्ही कडेच्या खडीत पडलो. तळहात सोलवटले, तेवढ्यावर निभावले. घरी आल्यावर भाचा म्हणाला, “मामा, आम्ही मुलं त्या रस्त्यानं जातच नाही. उद्या माझ्यामागून या.” मास्तरांना विद्यार्थी व्हावयाची पाळी आली ती अशी.

या अपघाताचे गणित सोपे आहे. ताशी १५ किलोमीटर वेगाने जाणारा सायकलस्वार एका सेकंदात सुमारे ४ मीटर पुढे जातो. ताशी ६० किलोमीटर वेगाची मालमोटार तेवढ्याच वेळात जवळजवळ १७ मीटर अंतर तोडते. चालकाने संकट पाहून ब्रेकवर पाय नेईपर्यंत एखादा सेकंद सहज निघून जातो. शिवाय वेग दुप्पट झाला की वाहनाची गतिज ऊर्जा चौपट होते. म्हणजे धोका वेगांतील तफावतीमुळे उत्पन्न होतो. आणि रुंद, सरळ रस्ता चालकास अधिक वेगाचेच निमंत्रण देत असतो.

दुसऱ्या दिवशी भाच्याने आम्हांस खेड्यांच्या वाटेने नेले. एकीकडे इंदूरहून धारकडे जाणारा महामार्ग आणि दुसरीकडे महूवरून मुंबईकडे जाणारा आग्रा रस्ता, या दोहोंच्या मधल्या मुलखात अशा वाटांचे जाळे पसरलेले आहे. माळव्याची जमीन काळी. पावसाळ्यात तिचा चिखल चाकाला असा चिकटतो की, मडगार्डात गच्च बसून चाक फिरेनासे होते. म्हणून पूर्वी पावसाळ्यात कित्येक गावांचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटत असे. २५ डिसेंबर २००० रोजी प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली आणि खडीचे थर घातलेले, बारमाही डांबरी रस्ते गावोगाव पोहोचू लागले. त्यांची डांबरी पट्टी सामान्यतः पावणेचार मीटरच रुंद असते. समोरासमोर आलेल्या दोन वाहनांना वेग कमी करून, एकेक चाक कडेला उतरविल्यावाचून पुढे जाताच येत नाही. ज्या अरुंदपणाला आपण दोष देतो, तोच येथे सायकलस्वाराचा पहारेकरी होतो.

वळणांचेही तसेच. पीथमपुराच्या परीक्षामार्गावरील वळणे अशी कलती बांधली आहेत की, ताशी २५० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या मोटारीला बाहेर फेकले जाण्याचे भय राहू नये. तेथे रस्ता कलतो. आडवाटेवर सायकलस्वार स्वतः कलतो. ताशी १८ किलोमीटर वेगाने १० मीटर त्रिज्येचे वळण घेताना त्याला सुमारे १४ अंश आत झुकावे लागते. हे गणित न मांडताही शरीर ते अचूक सोडविते. मात्र वळणावर माती किंवा खडी असेल, तर वळणापूर्वीच वेग कमी करावा. वळणात शिरल्यावर ब्रेक दाबू नये.

अशा वाटांचा विचार निघाला म्हणजे इंग्लंडची आठवण होणे साहजिक आहे. तेथील खेड्यांतून, दोन्ही बाजूंस झुडपांच्या वई असलेल्या अरुंद वाटा शेकडो वर्षांपासून आहेत. डेव्हनसारख्या परगण्यात कित्येक वाटा रहदारीने व पावसाच्या पाण्याने झिजून आजूबाजूच्या शेतांपेक्षा खोल गेल्या आहेत. आपल्या कोकणातील दुतर्फा गडगे असलेली पाणंद ज्याने पाहिली आहे, त्याला त्यांचे निराळे वर्णन करून सांगावयास नको. १८७८ साली तेथे सायकलने प्रवास करणाऱ्यांचा संघ स्थापन झाला. रबरी धावेत हवा भरण्याची डनलॉपची युक्ती १८८८ ची. म्हणजे हे लोक तिच्याही आधीपासून कठीण धावांच्या चाकांवर हिंडत होते! पुढे मोटारी वाढल्या आणि या वाटांची शांतता धोक्यात आली. तेव्हा २००० सालच्या वाहतूक कायद्याने स्थानिक अधिकाऱ्यांना काही वाटा ‘शांत वाटा’ म्हणून जाहीर करण्याची मुभा दिली. आपल्या देशात मात्र आडवाट म्हणजे मागासलेपणाची खूण, असाच समज अद्याप रूढ आहे.

एके सकाळी आम्ही जानापावच्या डोंगराच्या पायथ्यापर्यंत गेलो. हवेत गारठा होता आणि दोहो बाजूंस गव्हाची व हरभऱ्याची शेते होती. सायकल वेगाने चालली, तरी पाखरांचा आवाज, ओल्या मातीचा वास आणि शेतकऱ्याची हाक यांपैकी काहीच निसटत नाही, हा अनुभव मोटारीत बसून यावयाचा नाही. चंबळ नदी या डोंगरावर उगम पावते आणि पुढे यमुनेस मिळते. जमदग्नींचा आश्रम येथे होता व परशुरामाचा जन्म येथेच झाला, अशी परंपरा आहे. ज्याने समुद्र हटवून आमची कोकणभूमी वसविली असे घरच्या कोंकणी बोलीतून बालपणी ऐकले, त्याचे जन्मस्थान अशा दूरच्या वाटेवर भेटावे, याची मोठी मौज वाटली.

परंतु त्याहून मोलाचे दृश्य परतताना दिसले. शाळेच्या गणवेशातील आठ-दहा मुली सायकलींवरून हसत-बोलत चालल्या होत्या. गावात पुढील शिक्षणाची सोय नसल्याने दुसऱ्या गावच्या शासकीय शाळेत सहावीत किंवा नववीत जाणाऱ्या ग्रामीण मुलामुलींना मोफत सायकल देण्याची योजना मध्यप्रदेश शासनाने आखली आहे. बिहारमध्ये २००६ साली नववीतील मुलींसाठी अशीच योजना निघाली. तिचा कार्तिक मुरलीधरन व निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला. योग्य वयात माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण त्या योजनेमुळे ३२ टक्क्यांनी वाढले, असे त्यांना आढळले. सायकल शासन देईल. पण रस्त्याचे भय वाटू लागले, तर आईबाप मुलीला त्या सायकलीवर बसू देतील काय? ज्या दिवशी अवजड वाहने जवळचा मार्ग म्हणून अशा वाटेवर धावू लागतील, त्या दिवशी कित्येक सायकली घराच्या पडवीतच उभ्या राहतील. अशी वाट गमावल्याची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही. शाळेच्या हजेरीपटावरील एखादे नाव तेवढे कमी होते.

म्हणून विद्यार्थीमित्रहो, आडवाटेने जा, पण सावधपणे जा. दोन्ही ब्रेक तपासा, डावी बाजू सोडू नका, अंधारात दिवा लावा आणि आंधळ्या वळणावर घंटी वाजवा. आणि आपल्या वाटेवर भरधाव वाहने येऊ लागली, तर घरी सांगा. वडीलधाऱ्यांना ग्रामसभेत तो विषय मांडता येतो.

सुटीहून परतल्यापासून आम्ही शाळेत यावयाचा रस्ता बदलला आहे. पाणंदीने आल्यास पाच मिनिटे अधिक लागतात. म्हणून घरून पाच मिनिटे आधी निघतो. वाटेत तुमच्यापैकी काही जण भेटतात, आणि पहिली घंटा होण्यापूर्वीच गप्पांना आरंभ होतो.