शेतातील सशाची पिले : दया आणि दक्षता

वऱ्हाडात तुरीची सोंगणी आटोपत येते, तोच अकोट-दर्यापूरकडील खारपाण पट्ट्यात हरभऱ्याची सोंगणी सुरू होते. अशा वेळी धुऱ्यालगतच्या गवतात सशाची एक-दोन पिले निश्चल बसलेली आढळतात. आई जवळपास दिसत नाही. पिले पोरकी झाली असे समजून कोणी ती घरी नेतो, मुले त्यांना गायीचे दूध पाजतात आणि बहुधा थोड्याच दिवसांत ती दगावतात. सद्‌भावनेने केलेली कृती अशी पिलांच्या जिवावर बेतते.

पोरकी नव्हे, लपलेली

मराठीत रानसशाला व पाळीव सशाला एकच नाव असले, तरी हे दोन वेगळे प्राणी होत. पाळीव सशाची पिले जन्मतः उघडी व आंधळी असतात; त्यांचे डोळे सुमारे १० दिवसांनी उघडतात. रानससा बीळ करीत नाही. त्याची पिले अंगावर केस घेऊन, उघड्या डोळ्यांनी उघड्यावरच जन्मतात आणि गवतात दडून राहतात. आईच्या वावरामुळे कोल्ह्या-रानमांजरांना पिलांचा सुगावा लागू नये, म्हणून ती दिवसभर दूर राहते. सूर्यास्तानंतर येऊन ती काही मिनिटेच दूध पाजते. म्हणजेच दिवसा आई न दिसणे हा तिचा नित्यक्रम होय.

यास्तव पिले दिसताच तेवढा भाग सोंगणीतून तूर्त वगळावा व कुत्र्यांना दूर ठेवावे. हलविणे अपरिहार्य असेल, तर ती हलक्या हाताने उचलून जवळच्याच धुऱ्यावरील गवतात ठेवावीत. घरी आणलेली पिले सायंकाळपूर्वी मूळ जागी नेऊन सोडावीत. माणसाचा हात लागल्याने आई पिलांना टाकते, हा समज निराधार आहे.

खरोखर पोरकी असल्यास

आई मेलेली आढळली किंवा पिलू जखमी असेल, तरच त्यास हाती घ्यावे. रानसशाला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण आहे; तो घरी पाळता येत नाही. म्हणून वनरक्षकास किंवा वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर त्वरित कळवावे. तोपर्यंत पिलू खोक्यात, कोरड्या गवतावर, उबदार, अंधाऱ्या व शांत जागी ठेवावे. गारठलेल्या पिलास प्रथम ऊब द्यावी; दूध पाजण्याची घाई करू नये.

पाळीव सशीण मेल्यास मात्र तिची पिले घरी वाढविता येतात. शक्य तर त्याच वयाची पिले असलेल्या दुसऱ्या सशिणीखाली ती ठेवावीत. सशिणीच्या दुधात प्रथिने व स्निग्धांश गायीच्या दुधाच्या सुमारे तिप्पट असतात. म्हणून पर्यायी दूध पशुवैद्यकाच्या सल्ल्याने ठरवावे. ते कोमट करून, पिलू उताणे न धरता, ड्रॉपरने थेंबाथेंबाने पाजावे. घाई केल्यास दूध फुप्फुसात जाते व पिलू गुदमरते. पाजल्यानंतर ओल्या कोमट कापसाने पोटाखालचा भाग हळुवार पुसावा. त्यामुळे मलमूत्र विसर्जन होते. डोळे उघडल्यानंतर काही दिवसांतच पिलू कोवळे गवत कुरतडू लागते.

सोंगणीपूर्वी ग्रामसभेत व शाळेच्या परिपाठात या गोष्टी सांगितल्या, तर अनेक पिले वाचतील. रानातील पिलाला जागच्या जागी राहू देणे, हीच त्याच्यावरील खरी दया होय.