उतारा – लेखांक 11 : पाटीवरचा 'तज्ज्ञ समुपदेशक'

रिलॅप्सबद्दल लिहायचं कबूल केलं होतं, ते पुढच्या आठवड्यात. तळोजा फेज 1 मधल्या एका ताईंचं पत्र आलंय, ते बाजूला ठेववेना. नवरा एमआयडीसीत. रात्रपाळी सुटली की सकाळी सातलाच बाटली. मेट्रोच्या खांबावर त्यांनी कागद वाचला: 'दारू सोडवा. तज्ज्ञ समुपदेशक. गाडी घरी येईल.' हा तज्ज्ञ खरा की कसा, ओळखायचं कसं?

ताई, पाटीवरून नाही ओळखता येत. मनोविकारतज्ज्ञाची नोंदणी वैद्यकीय परिषदेत असते, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेत. नुसतं 'समुपदेशक' म्हणवून घ्यायला मात्र फारसं काही लागत नाही. कुणी एमएसडब्ल्यू असतो, कुणी दोन आठवड्यांचं शिबिर केलेला.

आणि कुणी स्वतःच दारूतून उठलेला. याला कमी लेखू नका. डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी 1986 साली पुण्यात 'मुक्तांगण' सुरू केलं, तिथं बरे झालेले रुग्णमित्रच पुढे कार्यकर्ते झाले. असा एकजण काम करताना मी पाहिलाय. पेशंट म्हणाला, "दोनच पेग घेतो." यानं शांतपणे विचारलं, "आणि उरलेली फ्लशच्या टाकीत ठेवता की सिलिंडरमागे?" पेशंट हसला आणि खरं बोलायला लागला. पदवीत हे शिकवत नाहीत. पण याच मंडळींची एक खोड: 'मी असा सुटलो, तूही असाच सुटशील.' म्हणून त्याच्या पाठीशी डॉक्टर हवाच.

तेव्हा फोनवर पहिला प्रश्न हाच टाका: "पहिले तीन-चार दिवस डॉक्टर कोण बघणार?" रोज सकाळपासून पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर फिट येऊ शकते, भास होतात, कधी जिवावर बेततं. 'आजपासून थेंब नको, बाकी आम्ही बघतो' असं म्हणणाऱ्याकडे जाऊच नका. जेवणात गुपचूप घालायची पूड देणाराही त्यातलाच. त्यात डायसल्फिरम नावाचं औषध असेल आणि वर नवरा प्यायला, तर रक्तदाब कोसळून मरायची पाळी येते.

आता ती गाडी. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि ड्रग्जमुळे होणारे मनोविकारही येतात. म्हणून दाखल करून घेणाऱ्या केंद्राला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी लागते. कागद दाखवा म्हणा. माणसाच्या इच्छेविरुद्ध दाखल करायचं तर दोघांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं, त्यातला एक मनोविकारतज्ज्ञ. चार धटिंगण पाठवून उचलून नेणं त्यात बसत नाही, आणि साखळीनं बांधायला तर सरळ बंदी आहे.

सुरुवात जवळूनच करा. कामोठ्याच्या एमजीएम रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. सरकारचा व्यसनमुक्तीचा 14446 हा नंबर फुकट आहे. जवळचं केंद्र तिथं विचारा.

पत्राच्या शेवटी तुम्ही बारीक अक्षरात लिहिलंय, 'ते आलेच नाहीत तर मी एकटी गेले तर चालेल का?' चालेल. चांगला समुपदेशक तुम्हाला परत पाठवणार नाही. घरच्यांसाठी अल-अनॉनच्या सभा असतात, तिथं नवरा प्यायचा थांबलाय का हे कुणी विचारतही नाही. त्यांची रात्रपाळी असेल तो दिवस धरा.