धरणाकाठच्या वाड्या, महिला संघटन आणि ग्रामसभा : भोर-वेल्हे परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

ग्रामसभा हा पंचायतराज व्यवस्थेचा पाया मानला जातो. हा पाया कितपत भक्कम आहे, हे मात्र सभेच्या ठिकाणापर्यंत कोण पोहोचू शकते आणि पोहोचल्यावर कोणाचे म्हणणे इतिवृत्तात नोंदले जाते, यावर अवलंबून असते. बेटांवरील समाजांत हा प्रश्न ठळकपणे जाणवतो. पुणे जिल्ह्यातील भोर व वेल्हे तालुक्यांत समुद्र नाही. तथापि धरणांच्या जलाशयांमुळे येथील अनेक वाड्यांची अवस्था बेटांहून फारशी निराळी नाही. अशा परिसरात महिलांची संघटने लोकशाही सहभागास कोणत्या रीतीने बळ देतात आणि त्यांच्या मर्यादा कोणत्या, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

भौगोलिक पार्श्वभूमी

सन २०११ च्या जनगणनेनुसार भोर तालुक्याची लोकसंख्या सुमारे १ लाख ८६ हजार, तर वेल्हे तालुक्याची सुमारे ५४ हजार होती. वेल्हे तालुक्यास २०२५ मध्ये राजगड हे नाव अधिकृतपणे देण्यात आले. लेखात जुने, रूढ नाव योजले आहे. हिरडस मावळ, वेळवंड खोरे, गुंजण मावळ, कानद खोरे ही येथील जुनी खोरी. वेळवंडी नदीवरील भाटघर, नीरेवरील नीरा-देवघर, आंबी नदीवरील पानशेत आणि मोसे नदीवरील वरसगाव या धरणांनी या खोऱ्यांचे तळ व्यापले. भाटघर व नीरा-देवघरचे पाणी नीरा खोऱ्यातील पूर्वेकडच्या शेतीस जाते. पानशेत-वरसगावचे पुणे शहरास. जलाशयाच्या काठावर राहिलेल्या वाड्यांना मात्र उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठी पायपीट करावी लागते आणि ती बहुतांशी स्त्रियाच करतात. समोरच्या तीरावरील गाव नजरेस दिसते. पण तेथे जाण्यास होडी तरी लागते, नाहीतर मैलोगणती वळसा. ग्रामपंचायतीचे कार्यालय एका तीरावर आणि वाडी दुसऱ्या तीरावर, अशी स्थिती असेल तेथे अंतर हा राजकीय घटक बनतो.

यास आणखी एक पदर आहे. या खोऱ्यांतील पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबई-पुण्यास नोकरीधंद्यासाठी जात आले आहेत. मतदारयादीत नाव असलेला पुरुष सणावाराला किंवा गावच्या जत्रेला येतो. वर्षभर गावात वावरते ती स्त्री. गावाच्या दैनंदिन प्रश्नांची जाण तिच्यापाशी आणि बोलण्याचा मान मात्र अनुपस्थित पुरुषापाशी, अशी विसंगती त्यातून निर्माण होते.

कायद्याने दिलेली जागा

७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली आणि पंचायतींत महिलांसाठी किमान एक तृतीयांश जागा राखीव झाल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये हे प्रमाण ५० टक्क्यांवर नेले. ग्रामपंचायत अधिनियमातील २००३ च्या दुरुस्तीने नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेणे बंधनकारक केले. याशिवाय ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाच्या १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी खर्च करावी, असाही नियम आहे.

तरतुदी पुरेशा आहेत. अडचण अंमलबजावणीच्या तपशिलात आहे. ग्रामसभेच्या गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी उपस्थिती लागते. ती न झाल्यास सभा तहकूब होते आणि तहकूब सभेस गणपूर्तीची अट राहत नाही. म्हणजे पलीकडच्या तीरावरील स्त्रिया आल्या नाहीत तरी सभेचे कामकाज अडत नाही. महिला सभेची नोंदवही घरोघरी फिरवून सह्या व अंगठे घेतले गेले, तर कागदावर सभा होते. चर्चा होत नाही.

बचत गट : सभेची पूर्वतयारी

या संदर्भात बचत गटांचे महत्त्व लक्षात येते. शासनाच्या महिला आर्थिक विकास महामंडळाने (स्थापना १९७५) आणि २०११ नंतर ‘उमेद’ अभियानाने राज्यभर गटांचे जाळे विणले. भोर-वेल्हे परिसरात पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीने (स्थापना १९६२) ग्रामीण स्त्रियांचे बचत गट उभे करण्याचे काम केले आहे. १० ते २० स्त्रियांचा गट, नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेबलेखन ही गटाची पंचसूत्री सामान्यतः आर्थिक मानली जाते. वस्तुतः ती राजकीय शिक्षणाचीही पंचसूत्री आहे. बैठकीत प्रत्येकीने आळीपाळीने बोलणे, कर्ज कोणास द्यावे यावर मतभेद नोंदवून निर्णय घेणे, इतिवृत्त वाचून त्यावर सही करणे, हिशेब विचारणे व देणे, या सवयी ग्रामसभेत जशाच्या तशा उपयोगी पडतात. शिवाय गट वाडीतच बसतो; त्यास पाणी ओलांडावे लागत नाही.

आरक्षण खुर्ची देते. खुर्चीवर बसलेल्या स्त्रीमागे उभे राहणारे मनुष्यबळ संघटन देते. मागे गट नसलेल्या महिला सरपंचाचा कारभार पती वा दीर पाहतो, हे चित्र सर्वपरिचित आहे.

एक तुलना

पॅसिफिक महासागरातील सामोआ या द्वीपराष्ट्राचे उदाहरण येथे उद्बोधक ठरते. तेथे गावोगावी महिला समित्या १९२० च्या दशकापासून आरोग्य व स्वच्छतेचे काम करीत आल्या. मात्र गावाचे निर्णय घेणारी परिषद ‘मताई’ ही पदवी धारण करणाऱ्यांची आणि हे पदवीधारक प्रामुख्याने पुरुष. २०१३ मध्ये तेथील राज्यघटनेत दुरुस्ती करून संसदेत किमान १० टक्के महिला असाव्यात अशी तरतूद करावी लागली. दीर्घकाळ कार्यक्षम असलेले महिला संघटनही निर्णयाच्या जागेपर्यंत आपोआप पोहोचत नाही, हा त्याचा बोध होय.

भोर-वेल्ह्यातही हा धोका आहे. स्वच्छता मोहीम, हळदीकुंकू, शासकीय मेळाव्यातील गर्दी यांसाठी गटास बोलावले जाते. पाणीयोजनेचा आराखडा किंवा १० टक्के निधीचा विनियोग ठरविताना बोलावले जातेच असे नाही.

निष्कर्ष व सूचना

महिलांचे संघटन लोकशाहीस बळ देते ते गटाचे इतिवृत्त ग्रामपंचायतीच्या इतिवृत्तास जोडले गेले तरच. त्या दृष्टीने पुढील सूचना विचारात घेता येतील. महिला सभा दर वेळी मुख्य गावठाणात न घेता वाड्यांवर आळीपाळीने घ्यावी. तिची वेळ भातलावणी व कापणीचा हंगाम पाहून ठरवावी. सभेपूर्वी प्रत्येक गटाने आपले विषय लेखी द्यावेत आणि महिला सभेच्या शिफारशींचे काय झाले, याचे वाचन पुढील ग्रामसभेत व्हावे. १० टक्के निधीचा हिशेब महिला सभेपुढे मांडला जावा. या परिसरातील महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजना विभागांना गटांच्या नोंदलेखनास साहाय्य करता येईल.

यांपैकी कोणत्याही सूचनेस नव्या कायद्याची आवश्यकता नाही. धरणांनी खोऱ्यांतील माणसे एकमेकांपासून तोडली. सभा वाडीपर्यंत नेल्यास ते अंतर निदान लोकशाहीपुरते तरी कमी होऊ शकेल.