दिवाळीच्या सुट्टीत एकट्याने गिरनार : राहायची सोय कशी करावी?

मागच्या दिवाळीत आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी दत्तदर्शनासाठी एकटाच गिरनारला गेला. भाऊबीज आटोपून रात्री बडोद्याहून एस.टी. धरली आणि पहाटे जुनागढला उतरला. भवनाथ तळेटीतल्या पहिल्या धर्मशाळेत व्यवस्थापकांनी विचारले, "एकला छो?" हो म्हणताच वही मिटली. दुसरीकडे तोच अनुभव. खोल्या नव्हत्या असेही नाही. मागून आलेल्या एका कुटुंबाला त्याच्या डोळ्यांदेखत किल्ली मिळाली. तिसऱ्या ठिकाणी व्यवस्थापक त्याच्या वडिलांशी फोनवर बोलले, तेव्हा कुठे खाट मिळाली. तोवर दुपार झाली होती.

यंदा त्याची धाकटी बहीण निघाली आहे. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, शिकवण्या करून पैसे साठवले आहेत. तिच्या आईने आम्हाला विचारले, "पाठवायचे की नाही ते आम्ही घरात बघू. आधी ही राहील कुठे ते सांगा." म्हणून हा लेख.

सज्ञान माणसाला एकटा आहे म्हणून खोली देऊ नये, असा कोणताही कायदा नाही. तरीही नाकारतात, त्याला दोन कारणे आहेत. एक साधे : तीन-चार खाटांची खोली गर्दीच्या दिवसांत एका माणसाला देणे परवडत नाही. दुसरे कोणी तोंडावर बोलत नाही. एकट्या पाहुण्याने खोलीत स्वतःचे काही बरेवाईट करून घेतले तर पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल, ही ती धास्ती. पटो न पटो, उपाय त्यातूनच काढावा लागतो. निघण्याआधी फोन करून स्पष्ट सांगावे, "मी एकटी येणार आहे, अमुक तारखेला, अमुक वाजता." नाही म्हणाले तर घरबसल्या कळते. हो म्हणाले तर बोलणाऱ्याचे नाव लिहून घ्यावे. "आम्ही दोघी आहोत" असे खोटे सांगू नये. खिडकीवर ते उघडे पडते आणि मग मिळणारी खोलीही जाते. खोलीऐवजी डॉर्मिटरीतली खाट मागितली तर पहिले कारण उरतच नाही. डॉर्मिटरी म्हटले की पालकांच्या कपाळाला आठ्या पडतात, पण जगभरच्या युवा वसतिगृहांची कल्पना एका शिक्षकाचीच. १९०९ साली जर्मनीत रिचर्ड शिरमान यांची विद्यार्थ्यांसह निघालेली सहल वादळात सापडली, गावातल्या शाळेत गवतावर झोपली आणि त्या रात्री त्यांना हे सुचले.

आता तारखा. आपल्याकडे दिवाळीची सुट्टी साधारण तीन आठवड्यांची, पण सगळे दिवस सारखे नसतात. बेसत्या वर्षापासून लाभपंचमीपर्यंत अवघा गुजरात घराबाहेर असतो. अबू, दीव, सापुतारा, सोमनाथ, कुठेही जा, दर चढलेले. लाभपंचमीला व्यापारी दुकाने उघडतात आणि गर्दी ओसरते. गिरनारला मात्र लगेच दुसरी लाट येते. कार्तिकी एकादशी ते पौर्णिमा लीली परिक्रमा असते, सुमारे ३६ किलोमीटरची, आणि तिला लाखो माणसे लोटतात. म्हणजे मधले षष्ठी ते नवमीचे दिवस तेवढे मोकळे. आम्ही त्या मुलीला तेच सुचवले. सुट्टीचा नाद सोडता आला तर पौर्णिमेनंतरचा कोणताही आडवार त्याहून बरा. (त्या पौर्णिमेला इथे देवदिवाळी म्हणतात, आपली देवदिवाळी त्यानंतर पंधरवड्याने, मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला. फोनवर तिथी नव्हे, तारीख सांगा.)

रेल्वेचे आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होते. गणेशचतुर्थी ते लाभपंचमी हे अंतरही साठ दिवसांच्या आसपास भरते, अधिक आश्विन मध्ये आला नाही तर. तेव्हा दिवाळीतली तिकिटे गणपती बसायच्या सुमारास काढायची, हे लक्षात ठेवायला सोपे. तत्काळच्या भरवशावर राहणार असाल तर १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकिटासाठी आधारने पडताळलेले खाते लागते, हेही ध्यानात असू द्या.

वाटेत मोठ्या स्थानकावर थांबावे लागले तर रेल्वेच्या विश्रामकक्षाचा विचार करावा. कन्फर्म किंवा आर.ए.सी. तिकिटाच्या पी.एन.आर.वर तो मिळतो, एकटे असण्याची अडचण येत नाही आणि जुलै २०२४ पासून त्यावर जी.एस.टी. नाही. लॉजमध्ये दिवसाला साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के कर आहे. म्हणून भाव विचारताना "सगळे मिळून किती?" असेच विचारावे.

एकट्या माणसाचे खरे नुकसान होते ते चेकआउटच्या वेळेत. पहाटे पाचला पोचलात आणि तिथला चेकआउट सकाळी दहाचा असला, तर पाच तासांत एक दिवसाचे भाडे संपते. चोवीस तासांचा चेकआउट आहे का, हे फोनवरच विचारून घ्या. गिरनारला तर अधिकच, कारण दहा हजारांच्या आसपास पायऱ्या चढायला लोक मध्यरात्रीनंतर निघतात. ऑक्टोबर २०२० पासून रोपवे आहे, पण तो अंबाजीपर्यंतच; दत्तशिखरापर्यंत पुढे चालावेच लागते.

ओळखपत्र म्हणून पॅन कार्ड चालत नाही, त्यावर पत्ता नसतो. आधारची प्रत द्यायची तर पहिले आठ अंक झाकलेले 'मास्क्ड' आधार उतरवून घ्या. धर्मशाळांच्या नावाने खोटी संकेतस्थळे असतात. आगाऊ रक्कम एखाद्याच्या खासगी खात्यावर मागितली तर पाठवू नका. फसवणूक झालीच तर १९३० वर लगेच तक्रार करा. मुलींनी १८१ हा क्रमांकही जवळ ठेवावा. खोली घेण्याआधी वर जाऊन दाराची आतली कडी लावून पाहावी. संकोच करू नये, भाडे आपण देतो.

शाळेतल्या मुलांनी मात्र हा अंक कपाटात ठेवावा. अठरा पूर्ण होईपर्यंत एकट्याला खोली मिळायची नाही.

त्या मुलीने मागच्या आठवड्यात चार ठिकाणी फोन केले. दोघांनी नाही म्हटले, एकाने उत्तर टाळले. चौथ्याने सांगितले की बायकांची डॉर्मिटरी वेगळी आहे, रात्री नऊच्या आत या. त्यामुळे ती आता रात्रीच्या गाडीऐवजी पहाटेच्या एस.टी.ने जाणार आहे, आणि आईने तिकिटाचे पैसे दिले आहेत.