साठ पानांचा हिशेब

शाळेच्या वार्षिकांत पत्त्यांविषयीं लेख छापलेला पाहून आमच्या कांहीं वडीलधाऱ्या वाचकांच्या कपाळास आठी पडेल, हें आम्ही जाणून आहों. त्यांच्या समाधानासाठीं आरंभींच सांगून टाकतों कीं, ज्या पत्त्यांविषयीं आम्ही लिहीत आहों त्यांत राजा, राणी, गुलाम नाहींत, व त्यांवर आम्ही पैसा लावीत नाहीं. पैसा जातो तो पानें विकत घेण्यांत. आणि तो फार जाऊं नये म्हणूनच हा सारा हिशेब मांडण्याची पाळी आमच्यावर आली.

उन्हाळ्याच्या सुटींत जळगांवास दुपारीं बारानंतर घराबाहेर पाऊल टाकण्याची सोय नसते. अशा वेळीं ओसरीवर बसून मेंढीकोट खेळलेला नाहीं असा खानदेशी मुलगा विरळा. मेंढीकोटाचा कॅट बावन्न पानांचा. तो जळगांवीं घ्या कीं धुळ्यास घ्या, पानें तींच. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा घेतली तर तिचीं पानें गोल व संख्येनें १२०. दहा अवतारांचे दहा रंग, आणि प्रत्येक रंगांत राजा, प्रधान व एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा मिळून बारा पानें. चित्रकाराचा हात वेगळा असेल, परंतु खेळणारास त्यांत एकहि पान अधिक-उणें करतां येत नाहीं. जें हातीं आलें तें नीट खेळावें, एवढेंच त्याचें काम.

१९९३ सालीं रिचर्ड गारफील्ड नांवाच्या अमेरिकन गणितज्ञाचा ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा खेळ बाहेर पडला आणि ही रीत उलटी झाली. त्यांत खेळणारा आपला कॅट आपणच जुळवून आणतो. पानें पाकिटांतून विकत घ्यावयाचीं, मित्रांशीं अदलाबदल करावयाचीं, आणि जवळ असतील त्यांतून निवडक पानें घेऊन प्रतिपक्षासमोर बसावयाचें. १९९६ सालीं जपानांत याच धर्तीवर पोकेमॉनचीं पानें निघालीं व १९९९ सालीं तीं इंग्रजींत आलीं. आमचा खेळ हा दुसरा. आमचे खेळाडू कॅटास ‘डेक’ म्हणतात. आम्ही येथें घरचाच शब्द ठेविला आहे.

नियम थोडक्यांत असे. कॅट बरोबर साठ पानांचा. एकसष्ट नाहीं कीं एकोणसाठ नाहीं. एकाच नांवाचीं चारांहून अधिक पानें चालत नाहींत. साध्या ऊर्जेच्या पानांस मात्र ही मर्यादा नाहीं. पानांच्या जाती तीन : प्राणी, त्यांस बळ देणारी ऊर्जा, आणि मदतीचीं पानें, ज्यांस ट्रेनर म्हणतात. प्राण्यांत कांहीं मूळचे, कांहीं त्यांपासून वाढलेले. चारमँडर हा मूळ प्राणी. त्याचा चारमीलियन होतो, व त्याचा चारिझार्ड. डावाच्या आरंभीं प्रत्येकानें सात पानें हातीं घ्यावयाचीं. त्यांत निदान एक मूळ प्राणी असलाच पाहिजे. मग आपल्या कॅटांतलीं सहा पानें न पाहतां बक्षीस म्हणून बाजूस उपडीं ठेवावयाचीं. प्रतिपक्षाचा प्राणी पाडला कीं त्यांतलें एक उचलावयाचें, कांहीं बड्या प्राण्यांबद्दल दोन. ज्याचीं सहाहि आधीं उचलून झालीं त्याची जीत.

आम्ही तिघे एका वर्गांतले, आणि तिघांत मिळून कॅट एकच. आरंभीं तोहि धड नव्हता. एका दुकानांत दहा-दहा रुपयांस सोनेरी पानांचीं पाकिटें मिळत. तीं आम्हीं आनंदानें घेतलीं, आणि पुढें कळलें कीं तीं सारीं नकली. कागद मऊ, इंग्रजी स्पेलिंग चुकलेलें, आणि पाठीचा निळा रंग फिकट. पाठीचा रंग वेगळा असला कीं पिसलेल्या कॅटांतहि तें पान दुरून ओळखूं येतें. म्हणून सामन्यांत असलीं पानें घेतच नाहींत, आणि हें योग्यच आहे. खऱ्या पानांनाहि आमच्या गांवच्या हवेंत जपावें लागतें. चकचकीत पान हवेंतील फरकानें वांकतें, व वांकलेलें पान ही एक खूणच होय. यास्तव साठहि पानें एकाच रंगाच्या अपारदर्शक पिशव्यांत घालून ठेवावीं.

खऱ्या पानांचा कॅट जुळल्यावर आम्ही पाळधी, एरंडोल, पारोळा करीत एस. टी. नें धुळ्यास गेलों. तेथील एका मित्राच्या माडीवर आठ जणांचे सामने होते. तीन फेऱ्या, त्या स्विस पद्धतीनें. म्हणजे हरलेल्यास घरीं न पाठवितां पुढील फेरींत सारख्या गुणांच्या खेळाडूंची गांठ घालावयाची. बुद्धिबळांत ही पद्धत १८९५ सालीं झुरिकला प्रथम वापरली गेली. लांबून भाडें खर्चून आलेल्यास ती फार सोयीची, कारण पहिल्या डावांत हरलों तरी पुढचे दोन डाव बुडत नाहींत. आम्ही तिन्ही डाव खेळलों आणि तिन्ही हरलों.

परत येतांना पारोळ्यापर्यंत कोणी कोणाशीं बोलला नाहीं. मग वही काढली. पहिल्या डावांत सात पानांत एकहि मूळ प्राणी आला नाहीं. हात दाखवून, पुन्हा पिसून, पुन्हा सात घ्यावीं लागलीं, आणि असें होतें तेव्हां प्रतिपक्षास एक पान फुकट अधिक घेतां येतें. हें दोनदां झालें. दुसऱ्या डावांत पुढच्या प्राण्यास मागें घेऊन दुसरा पुढें आणण्याचें जें एकुलतें एक पान आम्हांपाशीं होतें, तें बक्षिसांत उपडें पडलेलें निघालें. तिसऱ्यांत हातीं ऊर्जा आली, पण लाल हवी तेथें जांभळी. आम्ही याला नशीब म्हणत होतों. वही पाहिल्यावर तें नशीब आम्हींच जळगांवाहून बांधून नेलें होतें असें दिसून आलें.

आमच्या कॅटांत मूळ प्राणी आठ होते. पहिलें पान मूळ प्राणी नसण्याचा संभव साठांत बावन्न. दुसरेंहि नसण्याचा एकोणसाठांत एक्कावन्न. असे सात अपूर्णांक मांडून त्यांचा गुणाकार केला कीं ०·३४६ येतात. म्हणजे शंभर डावांत सुमारें पस्तीस वेळां आमचा हात फुकट जाणार, हें खेळण्यापूर्वींच ठरलेलें! मूळ प्राणी दहा केले तर हाच आंकडा सव्वीसावर उतरतो व बारा केले तर एकोणीसावर. येथें एक फसगत होते ती सांगून ठेवतों. ‘नेस्ट बॉल’ म्हणून एक पान आहे; तें कॅटांतून मूळ प्राणी शोधून बांकावर बसवितें. आम्हांस वाटे, अशीं चार पानें असल्यावर मूळ प्राणी कमी चालतील. परंतु तें पान डाव सुरू झाल्यानंतरचें. आरंभींच्या सात पानांत प्राणी नसेल तर तें हातांत असूनहि निरुपयोगी.

बक्षिसांचा हिशेब सोपा आहे. साठांतलीं सहा पानें अडकतात, म्हणून एकुलतें एक पान दहांत एकदां अडकणारच. त्याचींच दोन ठेवलीं तर दोन्ही अडकण्याचा संभव शंभरांत एकाहूनहि कमी. एका जादा पानानें एवढी निश्चिंतता दुसरीकडे कोठें मिळत नाहीं. उलट तिसरें-चौथें पान घेतांना विचार करावा. आरंभींच्या सात पानांत एखादें विशिष्ट पान येण्याचा संभव एक प्रत असतां शंभरांत सुमारें बारा, दोन असतां बावीस, तीन असतां बत्तीस, चार असतां चाळीस. प्रत्येक वाढीव प्रत पहिलीहून थोडी कमी देते. म्हणून जें पान पहिल्याच खेपेस हवें त्याच्या चार प्रती. जें केव्हां तरी हवें त्याच्या दोन. आणि जें ‘असावें एखादें’ म्हणून ठेवलें असेल त्याविषयीं दोनदां विचार.

या ‘असावें एखादें’ वरूनच आमच्यांत खरा तंटा झाला. आमच्यांतील सर्वांत धाकट्याजवळ मेवटू नांवाच्या प्राण्याचें एक चकचकीत पान होतें. दिवाळीच्या पैशांतून घेतलेल्या पहिल्याच खऱ्या पाकिटांत तें निघालें होतें, आणि त्यामुळेंच आम्ही या खेळांत पडलों. तें कॅटांत असणार, हें गृहीत होतें. परंतु चारिझार्डास लाल ऊर्जा लागे व मेवटूस जांभळी. म्हणून सोळा ऊर्जांत चार जांभळ्या ठेवाव्या लागत. मेवटू दिसे एक पान, पण त्यानें जागा अडविल्या होत्या पांच. आणि त्या चार जांभळ्या इतर कोणाच्याहि कामाच्या नव्हत्या. मेवटू हातीं नसतां त्या नुसतें ओझें होत. हें आम्हां दोघांस कळत होतें. पण त्यास सांगावें कोणीं? कॅटांतलीं निम्मीं पानें आमचीं असलीं तरी आरंभ त्याचा होता.

शेवटीं वाद न घालतां त्याच्याच हातीं वही दिली. एका रविवारीं त्यानें ओसरीवर बसून जुना कॅट शंभर वेळां पिसला, शंभर वेळां सात-सात पानें मांडलीं, आणि वाईट हातांपुढें फुली केली. फुल्या गुणाकाराशीं दोन-चारांच्या फरकानें जुळल्या. ही रीत आम्हांस सामने खेळून पाहण्यापेक्षां अधिक भरंवशाची वाटते. दहा डाव खेळून सहा जिंकले आणि पूर्वीं पांच जिंकत होतों, यावरून कांहींच सिद्ध होत नाहीं. त्यांत प्रतिपक्षाची चूक, आपली चूक, पिसण्याचा योग, सारें मिसळलेलें असतें. संध्याकाळीं त्यानें मेवटू आपण होऊन काढला, पिशवींतून वेगळा केला, आणि सदऱ्याच्या खिशांत ठेविला. आम्हीं त्या वेळीं दुसराच विषय काढला.

त्यानंतर जागा मोकळ्या झाल्या. ऊर्जा सोळांच्या दहा केल्या, साऱ्या लाल. बारा लालांऐवजीं दहा असतां पहिल्या सात पानांत लाल ऊर्जा येण्याचा संभव शंभरांत एक्याऐंशीवरून चौऱ्याहत्तरावर येतो. हा तोटा आम्हीं डोळे उघडे ठेवून पत्करला, कारण एका खेपेस हातांतून एकच ऊर्जा लावतां येते व ती शोधून आणणारीं पानें आहेत. मेवटूची एक व ऊर्जेच्या सहा मिळून सात जागा. त्यांत पांच मूळ प्राणी व दोन मदतीचीं पानें आलीं. एकूण बारा मूळ, पांच वाढलेले, दहा ऊर्जा, तेहतीस मदतीचीं : साठ.

मदतीचीं तीं दोन कोणतीं, हें मात्र गणितानें ठरत नाहीं. तें समोर कोण बसणार यावरून ठरतें. जगांतील मोठमोठ्या सामन्यांत जिंकलेल्या कॅटांच्या याद्या आतां कोणासहि पाहावयास मिळतात, व आमचे पुष्कळ मित्र त्या जशाच्या तशा उतरवितात. त्या याद्या हजारों खेळाडूंच्या गर्दीसाठीं बांधलेल्या असतात. धुळ्याच्या माडीवर आठ जण, आणि आम्हांस वगळून उरलेल्या सातांत तिघांचे प्राणी पाण्याचे. अग्नीच्या प्राण्यास पाण्याचा मार बहुधा दुप्पट लागतो. मॅजिकच्या खेळांत मुख्य कॅटाशिवाय पंधरा पानें बाजूस ठेवून दोन डावांमध्यें बदलतां येतात. पोकेमॉनांत ती सवलत नाहीं. जें कोणा एकाविरुद्ध घ्यावें तें इतर सर्वांविरुद्ध वागवावें लागतें. पाण्यावर उतारा म्हणून विजेचा प्राणी घालावा, असें एकानें सुचविलें. पण विजेला पिवळी ऊर्जा लागते, आणि मेवटूची गोष्ट पुन्हा दुसऱ्या रंगानें सुरू झाली असती. त्याऐवजीं प्रतिपक्षाच्या बांकावरील अशक्त प्राण्यास पुढें ओढणारें ‘बॉसेस ऑर्डर्स’ हें पान दोहोंचें तीन केलें, म्हणजे त्याच्या बलाढ्य प्राण्याशीं झुंजत न बसतां बक्षिसें उचलतां येतील. दुसरी जागा प्राणी मागें घेणाऱ्या पानाच्या दुसऱ्या प्रतीस दिली.

येथें एक तक्रार नोंदवितों. पानाच्या खालच्या कोपऱ्यांत एक बारीक इंग्रजी अक्षर असतें. त्यावरून तें पान चालू आहे कीं बाद, हें ठरतें, आणि साधारणपणें दरसाल एक-एक जुनें अक्षर मुख्य सामन्यांतून बाद होतें. खेळ ताजा राहतो खरा, परंतु आमच्यासारख्यांनीं मोठ्या कष्टानें जमविलेलीं पानें पेटींत पडतात. सुदैवानें मित्रांच्या माडीवर काय चालावें हें मित्रच ठरवितात, आणि धुळेकरांनीं याबाबत उदार धोरण ठेविलें आहे.

नवा कॅट घेऊन आम्ही दुसऱ्यांदा धुळ्यास गेलों, तेव्हां तिहींपैकीं दोन डाव जिंकले. हरलेला डाव पाण्याच्या प्राण्यांशींच होता. आतां तिसऱ्या खेपेची तयारी चालू आहे. एकोणसाठ पानांविषयीं तिघांचें एकमत झालें आहे. साठाव्या जागीं चौथा नेस्ट बॉल असावा कीं अकरावी ऊर्जा, यावर दोन पक्ष आहेत. धाकटा कोणत्याच पक्षास मिळत नाहीं. वाद चालला असतां त्याचा हात मधून मधून सदऱ्याच्या खिशाकडे जातो, आणि आम्ही तें न पाहिल्यासारखें करतों.